सुमनबाईंचा पोटखराबा

आमच्या रावेर तालुक्यात घरापुढे केळी, घरामागे केळी आणि घरात केळीच्या भावावर चर्चा. बाहेरचा पाहुणा "काय हिरवंगार आहे हो!" म्हणतो, आणि यजमान प्रत्येक पान आपण स्वतः रंगवल्याच्या थाटात मान हलवतो. एकतीस वर्षांपूर्वी सुमनबाई इथे नवरी होऊन आल्या आणि पहिल्याच सकाळी ओट्यावर उभ्या राहून त्यांनी सासूला विचारलं, "इथून लांबचं काय दिसतं?"

"शेजाऱ्याची केळी," सासू म्हणाली.

"आणि त्याच्या पलीकडे?"

"त्याच्या भावाची."

सुमनबाई त्या हिरव्या भिंतीकडे बघत राहिल्या. सून हरखली, असा सासूचा समज झाला आणि तो त्या माउलीने शेवटपर्यंत जपला.

सुमनबाईंचं माहेर धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. तिकडची मुलगी म्हटलं की रावेरचे लोक आधी तिला पाणी विचारतात, ते आदरातिथ्य म्हणून नव्हे, काळजीने. "तिकडे काय हो, नुसता वैराण मुलूख," असं कुणी कळवळून म्हणालं की सुमनबाईंचा चेहरा कौतुक ऐकल्यासारखा खुलायचा. माहेरच्या घरामागे त्यांच्या वडिलांचा नऊ एकर माळ होता. मुरूम, कुसळं, हिवराचं एक वाकडं काटेरी झाड आणि मधून गेलेली काळ्या दगडांची लांबच लांब नैसर्गिक भिंत. सकाळी तो माळ राखेच्या रंगाचा असे, भर दुपारी पांढरा, आणि दिवस कलला की आधी तांबडा, मग जांभळा. वैशाखात त्यावरून वावटळी एकामागून एक अशा चालत, की पाहणाऱ्याला वाटावं, त्यांना कुठेतरी वेळेवर पोचायचंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बाकीच्या लेकी झोक्यावर बसत. सुमनबाई छत्री घेऊन माळावर जाऊन बसत. गावाने पहिली काही वर्षं त्यांना सासुरवासाचं दुःख असावं असं धरलं. पुढे सवय झाली.

चार वर्षांपूर्वी रावेरच्या बायकांच्या सहलीबरोबर त्या राजस्थानात जाऊन आल्या. खऱ्याखुऱ्या वाळवंटात बाकीच्या जणी उंटावर बसून किंचाळल्या, सुमनबाई वाळूच्या टेकडीवर दोन तास बसून राहिल्या. परतल्यावर मुलाने, जितेंद्रने विचारलं, "कसं होतं?"

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण फार मऊ. दगड नाही. आपल्या माळासारखं भरीव वाटत नाही."

वाळवंटाला शिंदखेड्याच्या मापाने मोजून कमी गुण देणारी ही बहुधा एकमेव बाई.

यंदा मात्र त्या माळावरच गदा आली. सूर्याच्या उन्हापासून वीज तयार करणारी एक कंपनी गावात आली आणि जिथे काहीच उगवत नाही अशी जमीन तिने आवडीने शोधायला सुरुवात केली. सुमनबाईंचा धाकटा भाऊ निंबा आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. बापजाद्यांनी ज्या माळाकडे पाहून फक्त उसासे टाकले, तो माळ भाड्याने जाणार होता! अडचण एकच. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर निंबाबरोबर सुमनबाईंचंही नाव लागलं होतं. त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली की नऊच्या नऊ एकरांवर काचेच्या पाट्या उभ्या राहणार.

बहिणीने हक्क सोडायचा असतो, तो हसत सोडायचा असतो, आणि भावाने साडी नेसवायची असते, ही रीत इतकी पक्की की निंबाने साडी आधीच आणून ठेवली होती. आखाजीचं पुरणाचं जेवण झालं. जितेंद्र आईला सोडायला आला होता, तोही पोट भरून ओट्यावर टेकला होता. निंबाने साडी आणि कागद एकाच ताटात पुढे केले.

"मी सही नाही करणार," सुमनबाई म्हणाल्या.

निंबाने साडीकडे पाहिलं. चूक तिथेच झाली असणार. तो आत गेला आणि बायकोसाठी आणलेली, जरीची, जास्त चांगली साडी घेऊन आला. धुरपदाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या वेळी कंपनीला सूर्याची गरज पडली नसती.

"साडी नको रे, निंबा."

"मंग काय जोयजे, अक्का?" निंबा रडवेला झाला. "हाऊ विहिरीजवळना मळा तू ले! तठे पानी शे, निंबूना झाडं शेत, बठ्ठं शे!"

जितेंद्र ताठ बसला. "आई, मामा मळा देतोय!"

"मळा तुझ्याकडे काय कमी आहे? केळीतून मान वर काढता येत नाही." मग त्या भावाकडे वळल्या. "माले माळना मावळतीकडला तुकडा जोयजे. दीड एकर. बाकी बठ्ठं तुले."

"तठे काय शे?"

"काहीच नही. म्हनीसनच जोयजे."

"येडी व्हयनी का तू?"

"अक्का, तठे तं बकरी बी थांबत नही!" धुरपदाबाई म्हणाल्या. साडी परत मिळणार असं दिसताच त्यांचा स्वर मऊ झाला होता.

"माले कोठे चरनं शे!"

निंबाला बहिणीचा राग आला नाही, संशय आला. त्या तुकड्यात नक्की काहीतरी असणार. त्याने दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडून उतारा काढून आणला आणि तीनदा वाचला. मावळतीकडच्या दीड एकरासमोर सरकारने एकच शब्द लिहिला होता: पोटखराबा. म्हणजे जिथे पीक येत नाही, येणार नाही आणि सरकारचीही तशी अपेक्षा नाही, अशी जमीन. निंबाने तो उतारा पुरावा म्हणून बहिणीपुढे धरला. सुमनबाईंनी चष्मा लावून तो शब्द वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. हाच."

कंपनीच्या माणसाने कुरकुरत नकाशाचा कोपरा कापला. साडेसात एकरांवर त्याचं भागत होतं. सुमनबाईंनी उरलेल्या जमिनीच्या कागदावर सही केली, पहिली साडी नेसली, दुसरी भावजयीच्या हातात ठेवली आणि ठरल्याप्रमाणे हसल्याही.

दिवाळीपर्यंत पाट्या उभ्या राहिल्या. भाऊबीजेला सुमनबाई आल्या आणि ओवाळून होताच माळावर गेल्या. पाट्या त्यांच्या पाठीशी होत्या; पुढे मुरूम, काळी भिंत आणि थेट आभाळापर्यंत काही नाही. संध्याकाळी निंबा चहाचा थर्मास घेऊन आला आणि शेजारी दगडावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसला होता, त्यामुळे कुठे पाहायचं ते त्याला कळेना. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. माळ तांबडा झाला.

"काय दिखस तुले आठे?" त्याने शेवटी विचारलं.

"तुले काय दिखस?"

"काहीच नही."

"मंग बरोबर जागी बसेल शे तू," सुमनबाई म्हणाल्या आणि कप पुढे केला. "चहा ओत. आत्ते जांभळा होई."