ताईचा आळस

माझी मोठी बहीण साखऱ्याला दिली होती. लग्नानंतर दोनेक वर्षांत ती आळशी झाल्याचं तिच्या सासरी एकमतानं ठरलं. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी वसमतला बारावी सायन्सला होतो. संप्रेरक म्हणजे रासायनिक दूत. तो ग्रंथीतून निघतो, रक्तातून फिरतो आणि त्याला ओळखणाऱ्या पेशीला काम सांगतो, हे मला तोंडपाठ होतं. मात्र पेशी परीक्षेपुरत्या असतात, आमच्या घरात कुणाला नसतात, अशी माझी समजूत होती.

चैत्रात तिला भेटायला गेलो, तर ताई स्वेटर घालून बसलेली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा.

"बघ, काम म्हणलं की थंडी वाजून राहिली हिला," तिच्या सासूबाई म्हणाल्या.

दाजींनी तज्ज्ञाचं मत दिलं, "मनावरच घेत न्हाई ती."

ताई नुसती भिंतीला टेकली.

घरी येऊन मी आईला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आई साखऱ्याला गेली आणि ताईला हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. ढोंग उघडं पडलेलं पाहायला सासूबाईही आल्या. बाईंनी ताईचा गळा चाचपला आणि रक्त नांदेडला तपासायला पाठवलं. आठवड्यानं सगळे पुन्हा जमले, या वेळी मीही होतो.

"थायरॉईड आहे," बाई म्हणाल्या. "गळ्यातली ही ग्रंथी रक्तात एक रसायन सोडते. अंगातल्या पेशींना काम करायचा निरोप त्यातून मिळतो. हिच्या ग्रंथीतून तो पुरेसा निघतच नाही. मेंदूकडून ग्रंथीला सारख्या सूचना येतात, पण ती ढिम्म. मग पेशी तरी काय करणार?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हंजे ही न्हाई, हिची ग्रंथी आळशी. पण ग्रंथी माहेरचीच ना?"

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आपण खरंच कामचुकार आहोत, हे तिलाही पटत चाललं होतं, असं तिनं परतीच्या वाटेत आईला सांगितलं.

तोच निरोप आता गोळीतून, रोज सकाळी उपाशीपोटी जाऊ लागला. महिन्या-दोन महिन्यांत सूज उतरली, स्वेटर पेटीत गेला, आवाज मोकळा झाला. दाजींनी पुन्हा मत दिलं, "आता घेतलं बघा मनावर."

"मनावर न्हाई, पोटात घेतलं," ताई म्हणाली. "आन् आजारी होते तवा काहून झालं म्हणून एकानं तरी इचारलं का?"

दिवाळीला सासूबाईंनी आईला बाजूला घेतलं. "इहीणबाई, पोरगी लय बोलून राहिली आता. डॉक्टरीणबाईला म्हणावं, गोळी जरा अर्धी करा."