पेज धरून सांग

१२ एप्रिल १९५८, शनिवार. वजन दोन मण चौदा शेर. हजर : जामसंड्याचे आमचे डॉक्टर, भातगिरणीचा मालक आणि मी. दवाखान्यात वजनाचा काटा नव्हता, म्हणून डॉक्टरांनी मला गिरणीत नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलं होतं. मी उतरलो तसं त्यांनी विचारलं, "आज सकाळपासून काय खाल्लंस? पेज धरून सांग."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपल्याकडे सकाळी दहाला घरोघर उकड्या तांदळाची पेज होते. ती कोणी खाण्यात धरत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. तीन वाट्या पेज, सोबत सुकट नाहीतर लोणचं, एवढं पोटात घालून माणूस दवाखान्यात येतो आणि सांगतो, "अजून काय एक खावक नाय." मिठबावचा एक मच्छीमार पोट धरून आला होता. दोन दिवस उपाशी आहे म्हणाला. डॉक्टरांनी पेज धरून सांगायला लावलं, तेव्हा तिच्यासोबत पाच तळलेले बांगडेही निघाले. डॉक्टर हसले नाहीत. "बांगडे पेजेतच धरूचे काय?" एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं.

त्या शनिवारी मी म्हणालो, "काय नाय. शनिवारचो उपास आसा." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि छत्री उचलली.

मी त्यांच्याकडे गेलो त्याचं कारण एक डबा. माझा मेव्हणा मुंबईत नोकरीला. त्याच्या साहेबाने दुपारचं आणि रात्रीचं जेवण सोडून त्याऐवजी परदेशी पावडरीचा एकेक पेला घेतला आणि दोन महिन्यांत तो निम्मा झाला, असं मेव्हण्याने लिहिलं होतं, आणि डबाही पाठवला होता. मी लगेच हिशेब मांडला. डब्यात चोवीस पेले, म्हणजे बारा दिवस. पाच डब्यांत दोन महिने.

मला घाई होती. माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. पायाला साधी ठेच लागली, जखम भरली नाही. साखरेचा आजार होता हे शेवटच्या महिन्यात कळलं. मी तेव्हा चव्वेचाळीस पुरे केले होते. देवगडच्या कचेरीतून जामसंड्याला चढून येताना दोनदा थांबावं लागे. रात्री पाण्याचे तीन तांबे संपत. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण तांबे भरून ठेवणारीला सांगावं लागत नाही. बायकोने डबा कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. "आधी डॉक्टरांका विचारा, मगे डब्याक हात लावा," म्हणाली.

डॉक्टरांनी डब्यावरचा बारीक मजकूर भिंगातून दोनदा वाचला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गिरणीतून परतल्यावर त्यांनी एक वही दिली आणि उद्यापासून आठ दिवस, रविवार ते रविवार, खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं. माझी कारकुनी त्यांना ठाऊक होती. मला ते हेडक्लार्क म्हणत; मी तो कधीच झालो नाही.

वही मी मनापासून लिहिली. भात मापाने, पोळ्या मोजून, आमटी वाटीने. दुसऱ्या सोमवारी कचेरीत जाण्याआधी ती घेऊन गेलो, तर डॉक्टर म्हणाले, चल, तुझ्या घरी बसून वाचू. ओटीवर बसून त्यांनी पानं उलटली. सोमवारचं आणि शनिवारचं पान कोरं होतं.

"हेडक्लार्क, ही पानां कोरी कशी?"

"उपास होतो."

त्यांनी वही मिटली आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "वयनीनु, उपासाक ह्येका काय काय घालतास?"

तिने सांगितलं. सकाळी दूध आणि चार केळी. दुपारी साबुदाण्याची खिचडी, दोनदा. मग उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू, आणि दिवस मोठा जातो म्हणून संध्याकाळी गुळखोबरं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. आणि रोजची पेज? तीही वहीत नव्हती. मी जेवण लिहिलं होतं. पेज हे जेवण नव्हे आणि उपास तर नव्हेच नव्हे. इतकी वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या मला यात काही चुकलं असं वाटलंच नव्हतं.

"तुझो हिशेब बरोबर आसा," डॉक्टर म्हणाले, "पण अर्धोच आसा."

मग ते मला दवाखान्यात घेऊन गेले. माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटकरी, म्हणजे लघवीत भरपूर साखर. नळी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरून ठेवली. मला वडिलांचा पाय आठवला.

"त्या पावडरीत अर्धी साखर आसा," ते म्हणाले. "वजन कमी होयत म्हणान तू ती दोन महिने पिणार होतंस. डबो तुझ्यासाठी नाय. आणि उपास आजपासून सोड. उपासानच तू मरशील."

डबा त्यांच्या सांगण्यावरून तापातून उठलेल्या एका मास्तरांकडे गेला. मला मिळाली एक वाटी: पेज तिच्यात, भात तिच्यात, आणि दुसऱ्यांदा भरायची नाही. रोज संध्याकाळी रस्त्याच्या वळणावरच्या आंब्यापर्यंत चालून परत यायचं. दर महिन्याला गिरणीचा काटा, दर महिन्याला ती नळी. गोळ्याही नंतर लागल्या. त्यांचे पैसे त्यांनी घेतले. सल्ल्याचे मात्र घेईनात. पहिल्या दिवशीच मी दोन रुपये पुढे केले, तेव्हा म्हणाले, "पन्नास पुरी कर. मगे दी."

पुढची वर्षं त्यांची नजर माझ्यावर राहिली. आंब्याच्या दिवसांत रस्त्यात भेटले की नाडी बघायला म्हणून हात धरत आणि बोटांचा वास घेत.

"किती?"

"अर्धो."

"पेज धरून सांग."

"एक," मी कबूल करी. मग ते हात सोडत आणि चालू लागत.

नळीतलं पाणी विटकरीचं पिवळं झालं, पिवळ्याचं हिरवं, आणि एका महिन्यात निळं ते निळंच राहिलं. डॉक्टरांनी ती नळी दुपारभर खिडकीत ठेवली होती.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मला पन्नास पुरी झाली. वजन एक मण छत्तीस शेर. डॉक्टर दसऱ्यापासून अंथरुणाला खिळले होते. पोटात गाठ होती; ती त्यांना आमच्याआधी कळली होती आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी गेलो तेव्हा त्यांची विधवा बहीण उशाशी बसली होती. माझा हात घेऊन त्यांनी सवयीने नाडी पाहिली. त्यांची बोटं हलकी लागली.

मी विचारलं, खाणं काय चाललंय. दोन घास भात जातो म्हणाले.

"पेज धरून सांगा," मी म्हणालो.

ते हसले. त्यांना तसं हसताना मी प्रथमच पाहिलं. बहीण हळूच म्हणाली, "पेजच ती. भात खंयचो?"

मी दोन रुपये काढले. नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी नोट उघडून पाहिली, घडी घातली आणि उशीखाली ठेवली. "हेडक्लार्क, हिशेब पुरो झालो," म्हणाले. बाराव्या दिवशी ते गेले.

सल्ल्याची फी रुपये दोन, खुद्द डॉक्टरांच्या हातात दिली.