जुळ्यांची हजेरी

ऑफिसातल्या सगळ्या सर्व्हरवर नजर ठेवायचं काम ताईंकडे होतं. नवा सर्व्हर बसवला आणि डोकेदुखी सुरू झाली. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला शोध घ्यायला लावलं की नवा दिसायचा आणि जुना गायब व्हायचा. पुन्हा शोध घेतला की जुना हजर, नव्याचा पत्ता नाही. आता बोला! साहेबांनी केबल बदलायला लावली, पासवर्ड बदलायला लावला, शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या नावाने बोटं मोडली.

ताई मात्र स्क्रीनकडे बघता बघता खुदकन हसल्या.

"अहो साहेब, ही जुळी आहेत! नवा सर्व्हर आपण जुन्याची हुबेहूब नक्कल करून उभा केला, त्यात त्याचा ओळख क्रमांकही तसाच आला. सॉफ्टवेअर बिचारं दोघांना एकच समजतंय."

हे ताईंना नाही कळणार तर कुणाला? त्या स्वतः जुळ्यातल्या. लहानपणी एकदा आईने दोघींच्या वाटचं खोकल्याचं औषध चुकून यांनाच पाजलं आणि धाकटी बहीण रात्रभर खोकत राहिली. सकाळी आईने कात्री घेतली आणि धाकटीचे केस कानापर्यंत कापून टाकले. धाकटीने घर डोक्यावर घेतलं, पण घोटाळा कायमचा मिटला.

ताईंनी नव्या सर्व्हरला वेगळा क्रमांक दिला. दोघं शेजारी शेजारी दिसू लागले आणि साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ताईंनी बहिणीला फोन लावला. "अगं, आज ऑफिसात जुळं सापडलं. मग काय, एकाचे केस कापले!"

पलीकडून धाकटी फणकारली, "धाकट्याचेच कापले असशील!"