शपथ मराठीत, वही इंग्रजीत

आशाबाईचं नुसत्या नावावर कधी भागत नसे. कोणी बिरजूचं नाव काढलं की तिच्या तोंडून आपसूक निघे, “तोच ना, जो आपल्याच लग्नात दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसला होता?” मार्कंड्यापासून दोन कोसांवरच्या त्या वैनगंगेकाठच्या गावात असा माणूस नव्हता, ज्याच्या मागं तिनं एखादा ‘जो’ लावलेला नव्हता. नवरा मनसाराम तलावात मासे धरी, ती टोपली घेऊन दारोदार विकी. एका घरची मासळी आणि दुसऱ्या घरची गोष्ट एकाच फेरीत पोचे.

हे सगळं अंगाशी आलं ते बिरजूच्या पोरीच्या, चंचलच्या साखरपुड्यात. पोहे वाढता वाढता आशाबाईनं मांडवाची ती गोष्ट थेट नवऱ्या मुलाच्या आईला सांगितली. “आन् तिथी दोन लाडू खाऊन झाल्यावर त्याले समजलं, का नवरी आपली नोहे!” मुलाची आई हसली, पण मुलाचा मामा ताठ झाला. ज्याला आपला मांडव ओळखता येत नाही, त्याच्या घरची पोरगी कशी करायची, म्हणाला. त्याची समजूत घालता घालता दुपार झाली. साखरपुडा झाला, पण बिरजूची बायको वच्छला काही विसरली नाही. ती बचत गटाची अध्यक्ष. तिनं गटातल्या बायका जमवल्या, आशाबाईला मार्कंडादेवाच्या देवळात नेलं आणि हातावर बेलपान ठेवून वदवून घेतलं, “आजपासून कोनाचंई मागचं तोंडातून काढनार नाई.”

आशाबाईनं शपथ पाळली, आणि पार सुकून गेली. कोणी दिसलं की शब्द ओठांपर्यंत येत आणि गिळावे लागत. मनसारामला वाटलं, बाईला पोटाचं काहीतरी झालंय. त्याच सुमारास शाळेतल्या साधना मॅडमनी, शिक्षण अर्ध्यात सुटलेल्या बायकांसाठी रविवारी दुपारी दहावीचा वर्ग सुरू केला. मॅडम गडचांदूरच्या, सिमेंटच्या कारखान्यातल्या कामगाराची लेक, वयानं लहान पण आवाजानं कडक. आशाबाईची शाळा नववीत सुटली होती. तोंड बंद तर बंद, डोकं तरी चालू राहील, म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं नाव घातलं.

इतिहासात तिचं लक्ष लागेना. त्यातले लोक तिच्या ओळखीचे नव्हते. गणितात डुलकी लागे. पण एका रविवारी मॅडमनी फळ्यावर इंग्रजीची दोन वाक्यं लिहिली: एक माणूस होता; त्यानं वाघ पाहिला. मग मधे ‘हू’ घालून दोन्हींचं एक वाक्य केलं.

“पाहिलं? ज्या माणसानं वाघ पाहिला, तो माणूस. आपला जो-तो, तसंच हे हू.”

आशाबाई ताठ बसली. गळाला मासा लागावा तसा तिच्या आत झटका बसला.

“आता घरी जाऊन आपल्या माहितीतल्या लोकांवर अशी चार वाक्यं लिहून आणायची. त्यांच्या आयुष्यात आधी काय काय घडलं, ते हू लावून सांगायचं.”

“मॅडम,” आशाबाईनं हात वर केला, “लिवाचं हाय ना? बोलाचं तं नाई?”

“लिहायचं.”

“इंग्रजीतच?”

“इंग्रजीतच.”

आशाबाईनं मनातल्या मनात मार्कंडादेवाला विचारून घेतलं. तोंडातून काढायचं नाही, एवढंच ठरलं होतं. हाताचं काही बोलणं झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिनं चारऐवजी एकवीस वाक्यं आणली. मॅडम लाल पेन घेऊन बसल्या, आणि तिसऱ्या वाक्याशी त्यांचं पेन थांबलं. मग तोंडाला पदर लावून त्या भिंतीकडं वळल्या. तेव्हापासून त्या सगळ्यात आधी आशाबाईचीच वही तपासत. शिक्षिकेनं गावच्या भानगडीत पडू नये हे त्यांना मान्य होतं. म्हणून त्या फक्त व्याकरण दुरुस्त करत. पण “मग पुढं काय झालं ते का नाही लिहिलं? भूतकाळाचा सराव अपुरा पडतो,” असंही समासात लिहीत.

एकदा त्यांनी मनसारामवरच्या वाक्याला गोल केला. ‘माय हजबंड हू रॅन फ्रॉम अ बेअर इज अॅट होम.’

“आशाबाई, इथं हजबंडनंतर स्वल्पविराम हवा. तो नसला तर अर्थ बदलतो. तुम्हाला पुष्कळ नवरे आहेत, आणि त्यांतला जो अस्वलाला पाहून पळाला, तेवढा सध्या घरी आहे.”

आशाबाईला हसून हसून उचकी लागली. घरी येऊन तिनं जाळं विणत बसलेल्या मनसारामकडं बराच वेळ पाहिलं.

“काऊन पाहून राह्यली अशी?”

“काई नाई. बाकीचे कुठी गेले म्हनून पाहून राह्यली.”

स्वल्पविराम तिनं काही दिला नाही.

त्याच वहीनं पुढं घोटाळा केला. मासे बांधायला पळसाची पानं संपली, तेव्हा मनसारामनं वहीतलं एक पान फाडलं. जागोजागी लाल शाईनं खोडलेलं, म्हणजे वाया गेलेलंच असणार, असा त्याचा हिशेब. पुडकं गेलं गुणवंतरावांच्या घरी. गुणवंतराव आलापल्लीच्या वनखात्याच्या ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. गावात इंग्रजी कागद आला की त्यांच्याकडं जाई. आलापल्लीच्या जंगलात आपण वाघाशी कसे समोरासमोर उभे राहिलो, हे त्यांनी गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं की लहान पोरांनाही पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समाजमंदिरापुढं गाव गोळा केलं. हातात पान, त्याला मासळीचा वास.

“आशाबाईनं शपथ मोडली!” ते गरजले. “हा पुरावा. मी वाचतो, आन् मराठीत समजावून सांगतो.”

पहिलं वाक्य बिरजूचं. गुणवंतरावांनी मांडव, लाडू, सगळं रंगवून सांगितलं. लोक हसले. दुसरं वच्छलाचं: जिनं महाशिवरात्रीचा उपास धरला होता, तिनं आशाबाईच्या मागच्या दारानं येऊन माशाचं कालवण खाल्लं. वच्छला गोरीमोरी झाली. तिसऱ्यात मनसाराम अस्वलापुढं पळाला. एवढं झाल्यावर गुणवंतरावांनी चष्मा काढला आणि ते पान घडी करून खिशात घालू लागले.

“काका, थांबा,” माहेरी आलेली चंचल पुढं झाली. ती गडचिरोलीला नर्सिंग शिकलेली. “खाली आनखी एक ओळ दिसून राह्यली.”

“ते... ते काई महत्त्वाचं नाई.”

पण चंचलनं पान घेतलंसुद्धा. “गुणवंतराव, हू फॉट अ टायगर इन आलापल्ली, वॉज सिटिंग ऑन अ ट्री, अँड अंडर द ट्री वॉज अ काफ.” तिनं एक श्वास घेतला. “म्हंजे, ज्यांनी वाघाशी झुंज घेतली ते गुणवंतकाका झाडावर बसले होते, आन् झाडाखाली गाईचं वासरू होतं. कंसात लिवलं हाय, शिडी माह्या भावानं धरली होती.”

आशाबाईचा भाऊ तेव्हा आलापल्लीच्याच लाकडाच्या डेपोत मजूर होता, हे गावाला ठाऊक होतं. हशा एवढा उठला की समाजमंदिरावरची कबुतरं उडाली.

“हसता काय! शपथ मोडली तिनं!” गुणवंतराव ओरडले.

तेव्हा गावातला सगळ्यात म्हातारा, मुखरू, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, “तिनं कोनाले काय सांगतलं गा? तिनं तं कागदावर लिवलं, आन् आमाले कोनाले ते वाचता येत नाई. चारचौघात तोंडातून काढलं तू.”

हे वच्छलाच्या ध्यानात आलं, आणि तिचा मोर्चा फिरला. “माह्या उपासाची गोष्ट भर गावात सांगाची काय गरज होती तुमाले, भाऊ?” पाठोपाठ बिरजूही सरसावला. गुणवंतराव मासळीच्या वासासकट घरी गेले. आशाबाई तोंड मिटून उभी होती. देवाशपथ, तिनं एक शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी मुखरू तिच्या अंगणात येऊन टेकला. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, “माह्यावर काई लिवलं हाय काय?”

“नाई जी, मुखरूभाऊ. तुमचं काई मालूमच नाई.”

“मंग लिव. तो पाटलाचा कोंबडा गेला होता, ज्याचा बिबट्याच्या नावावर पंचनामा झाला. तो मी खाल्ला.”

“आन् बिबट्याचे पाय उमटले होते ते?”

“ते पाय खरेच बिबट्याचे. तो मागून आला. त्याले काईच नाई भेटलं.” म्हाताऱ्यानं लांब श्वास सोडला. “तीस वर्सं झाली, पोटात घेऊन बसलो होतो.”

आशाबाईनं लिहिलं आणि त्याचं त्यालाच वाचून दाखवलं. मुखरू डोळे मिटून ऐकत राहिला. “बरं वाटते इंग्रजीत,” म्हणाला. “साहेबानं केल्यासारखं वाटते.”

मग एकेक जण येऊ लागला. मासे घ्यायच्या निमित्तानं येत, काहीतरी सांगून जात, आणि जाताना चाल हलकी होई. फाटलेल्या पानावरचं आपलं वाक्य बदलून पुन्हा लिहून घ्यायला वच्छलाही आली. कालवणाच्या जागी तिला माशाचं डोकं हवं होतं. खोटं कशाला लिहायचं, म्हणाली.

मार्चमध्ये आशाबाईनं परीक्षा दिली. गणितात काठावर, इतिहासात काठावर आणि इंग्रजीत एकसष्ट. निकालाच्या आठवड्यातच साधना मॅडमची बदली गडचांदूरला झाली. निघताना त्यांनी घुटमळत विचारलं, “वही एकदा शेवटची तपासून देऊ का?”

“नाई, राहू द्या मॅडम,” आशाबाई वही पदराखाली घेत म्हणाली. “आता तं पास झाली मी.”

मॅडमना रुखरुख लागली. पण शेवटच्या पानांवर त्यांच्यावरचीही तीन वाक्यं होती, आणि त्यांतलं व्याकरण आशाबाईनं आपलं आपणच तपासलं होतं.