कॅनडाच्या पुलांचे सत्तावीस फोटो

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, आणि तो माझ्या कपाटावर अकरा आठवडे पडून होता. आठवडे मोजता येतात, कारण दर शनिवारी मी जिना पुसायला लागले की खालच्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून विचारायच्या, "काही कळलं का?" आणि मी दर शनिवारी सांगायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की."

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी बोब्लिंगेनला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करत होते आणि एकटीच राहत होते. त्या भागात केअरवोखे नावाचा एक प्रकार असतो. आपली पाळी आली की बिऱ्हाडाने जिना झाडून पुसून काढायचा, अंगणही झाडायचं. पाळी चुकली तर शेजारी चारचौघांत काही बोलत नाहीत, पण बघतात असे की पुन्हा चुकायची छाती होत नाही. आजी एक्याऐंशी वर्षांच्या. नजर अधू झालेली, समोर धरलेल्या गोष्टीचा नेमका मधलाच भाग दिसायचा नाही. म्हणून त्यांचीही पाळी मीच करायचे. त्याबद्दल त्या मला प्लमचा मुरंबा द्यायच्या. आमचं नातं मुरंब्याच्या एका बाटलीएवढं होतं, पण होतं.

त्यांची थोरली बहीण गेली, तिचं केलर, म्हणजे तळघर, उपसताना हा डबा निघाला. आत त्यांच्या वडिलांनी पश्चिम कॅनडातून घरी पाठवलेले सत्तावीस फोटो. पहिल्या महायुद्धानंतर इथे खायची भ्रांत होती, तेव्हा वडील सुतारकामाची हत्यारं घेऊन तिकडे रेल्वेचे लाकडी पूल बांधायला गेले. ते गेल्यावर पाच महिन्यांनी या जन्मल्या. वडील परत आलेच नाहीत. आई सांगायची, नदीत बुडाले. बहीण भांडणात सांगायची, तिकडे दुसरा संसार थाटला, आणि तू झाल्याचं तर त्यांना कुणी कळवलंही नव्हतं. प्रत्येक फोटोच्या मागे दाट शाईने लिहिलेलं होतं, पण जुन्या जर्मन लिपीत. आजींना ती लिपी येत होती, पण आता दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण मला ती गवतासारखी वाटायची.

"बाकी काही नको," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त माझं नाव कुठे आहे का, तेवढं बघायचंय."

आमच्या ऑफिसात निवृत्तीला आलेले एक सहकारी होते, त्यांना ती लिपी वाचता यायची. मी विचारलं, तर म्हणाले, "जा, आणा की. जेवणाच्या सुट्टीत बसू." एवढं सोपं होतं. डबा पिशवीत टाकायचा आणि न्यायचा. पण सकाळी घाई, संध्याकाळी दमलेली, मग शनिवार, मग आजींचा तो प्रश्न. माझ्या चालढकलीला काही कारण नव्हतं. कारण असतं तर आज बरं वाटलं असतं.

मग बाबा आले. आई जाऊन चार महिने झाले होते. मी त्यांना सोलापूरहून तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. ते रेल्वेच्या पूल विभागात ट्रेसर म्हणून लागले आणि हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. ट्रेसर म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघ न् रेघ गिरवून नक्कल काढणारा माणूस. मुळात बोलणं कमी, त्यात आई गेल्यापासून तेही बंद. मी ऑफिसला जाताना खिडकीशी बसलेले असायचे आणि मी परत यायचे तेव्हाही तिथेच. एकदा मी चिडून म्हणाले, "अहो बाबा, निदान बाहेर फिरून तरी या." ते उठले, चप्पल घातली, इमारतीला एक फेरी मारून परत येऊन बसले. माझं मलाच लाजिरवाणं झालं.

त्या दिवशी काहीतरी हातात द्यावं म्हणून मी तो डबा काढून दिला. "खालच्या आजींचा आहे," म्हटलं. "जुने पूल आहेत, बघा."

आणि बाबा बोलायला लागले. एका खोल दरीवर नुसत्या ओंडक्यांचा पूल, त्यावर इंजिन, आणि कठड्याशिवाय काठावर उभी असलेली माणसं. "बाप रे, हे सगळं लाकूड? एकावर एक किती मजले बघ. आणि तिरके आधार किती अचूक आहेत!" एका फोटोत मागे भलंमोठं चाक असलेली आगबोट होती, डेकवर रूळ रचलेले. एकात नदीवर बर्फ साचलेला आणि अर्धवट खांब त्यातून वर आलेले. बाबा भिंगातून बघायचे आणि मला जेवता जेवता सांगायचे की पाण्याचा जोर कुठून आहे, कुठला खांब आधी जाईल. मला इतकं बरं वाटलं की मी बाकी काही बोललेच नाही. आजींना मागचं लिहिलेलं वाचून हवंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. विसरले असंही नाही. सांगू सावकाश, असं वाटलं.

तेवढ्यात मला दहा दिवसांसाठी कोलोनला जावं लागलं. निघताना बाबांनी यादी दिली: जाड कागद, काळी शाई, मैदा, बटर पेपर. इथे केक भाजायला तसाच कागद मिळतो, त्याचे दोन रोल आणून ठेवले. "काय करताय?" विचारलं, तर म्हणाले, "त्या बाईंचे फोटो कसेही पडलेत गं. नीट लावून देतो."

परत आले तर टेबलावर अल्बम तयार. जाड कागद दोऱ्याने शिवलेले, प्रत्येक पानावर एक फोटो, खाली बाबांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरांत नंबर, पुलाचा प्रकार, किती गाळे, काय अवस्था. दोन पानांमध्ये बटर पेपर. मी फोटोची कड नखाने उचलून पाहिली. उचलली जाईना. बाबांनी मैद्याची खळ करून सबंध पाठ चिकटवली होती. "नुसते कोपरे चिकटवले तर फोटो वळतो," ते म्हणाले. "खळीत घालायला मोरचूद नव्हतं, नाहीतर कसरही लागली नसती."

मागचं सगळं लिहिलेलं खळीखाली गेलं होतं. पण त्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी माणसासारखा दिसत होता. मी म्हणाले, "छान झालंय, बाबा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दाखवते म्हणून अल्बम घेतला आणि ऑफिसच्या पँट्रीत एका फोटोचं पान सोडवून कोमट पाण्यात ठेवलं. आगबोटीचा फोटो होता तो. खळ सुटली, फोटो निघाला, आणि त्याच्याबरोबर शाईही निघाली. जांभळट डाग पसरत गेला आणि एकही अक्षर उरलं नाही. मी तो वाळवून परत चिकटवला आणि पान जागेवर शिवलं. संध्याकाळी बाबांनी पान उलटलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा फुगला. माझीच खळ जास्त झाली असणार." मी पुढचं पान उलटलं.

आजींना मात्र खरं सांगितलं. एकटीच खाली गेले आणि सगळं सांगून टाकलं, धुतलेला फोटोसुद्धा. त्यांनी अल्बमच्या पानावर तळवा ठेवला. मग म्हणाल्या, "बरं, तुमच्या वडिलांना माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगू नका. त्यांची बायको नुकतीच गेलीय ना? राहू दे." आणि मग, "मी एक्याऐंशी वर्षं न कळता काढलीच की."

त्या चिडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

पुढच्या रविवारी त्यांनी बाबांना आणि मला कॉफीला बोलावलं. सफरचंदाचा केक केला होता, चाचपडत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, आपली कापडी पिशवी घेऊन आले. त्यांनी एकेक पान उघडून पूल समजावून सांगितले, मराठीत, आणि मी जर्मनमध्ये. आजींना दिसत नव्हतं म्हणून ते त्यांचं बोट धरून फोटोवर रेघांवरून फिरवायचे. आजी "या, या," म्हणजे हो हो, म्हणायच्या, मधेच "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि बाबांना तेवढंच पुरायचं.

"त्यांना सांग," बाबा म्हणाले, "ज्यानं हे सांधे केलेत तो माणूस मन लावून काम करणारा होता. अंगचोर नव्हता."

मी सांगितलं. आजी हसल्या. "म्हणजे लाकडाशी तरी प्रामाणिक होता."

शेवटचं पान झालं. बाबा वाकले, पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "आणखी काही कागद आहेत, ते त्यांना दाखवायचे राहिले." मला धास्ती वाटली की आता हे खळीचं, पाठीचं काहीतरी काढणार, आणि आजींच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळून जाणार. मी घाईने म्हणाले, "पुरे आता बाबा, त्या दमल्यात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि केक संपवला. एकदा नको म्हटलं की पुन्हा तो विषय न काढणारा माणूस.

बाबा सोलापूरला परतले. आजी त्याच हिवाळ्यात गेल्या. घर रिकामं करायला आलेल्या त्यांच्या भाच्याने अल्बम माझ्या दाराशी आणून ठेवला. तुम्हालाच द्यायचा असं सांगून गेल्या होत्या, म्हणाला. दोन वर्षांनी बाबाही गेले, झोपेत.

त्यांची ट्रंक मी उघडली ती तेराव्यानंतर. नोकरीच्या ऑर्डरी, आईचा चष्मा, आणि दोरीने बांधलेली एक गुंडाळी. जर्मनीतला बटर पेपर. मी ओळखला, कारण मीच आणला होता. उलगडला तर काळ्या शाईत, हुबेहूब गिरवलेली, ती गवतासारखी अक्षरं. एक ते सत्तावीस. प्रत्येक तुकड्यावर फोटोचा नंबर आणि कोपऱ्यात इंग्रजीत 'ट्रू कॉपी', खाली सही आणि तारीख. एक अक्षरही न समजता त्यांनी सगळ्या पाठी खिडकीच्या काचेवर धरून उतरवून घेतल्या होत्या. जुनी नोंद झाकायच्या आधी तिची नक्कल काढायची आणि काम पूर्ण झालं की ती ज्याच्या कामाची त्याच्यासमोर उघडायची, ही त्यांच्या नोकरीतली शिस्त. सत्तावीस फोटोंमध्ये घालायला दोन रोल कसे लागतील, हा साधा हिशेब इंजिनियर मुलीला सुचला नाही. बापाने मूर्खपणा केला असं मात्र लगेच सुचलं.

जर्मनीला परत आल्यावर मी ती गुंडाळी घेऊन ती लिपी येणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांच्या घरी गेले. आता एक आठवडाही लावला नाही. त्यांनी चष्मा बदलला आणि वाचत गेले. पूल किती उंच, मजुरी किती, थंडी किती, हात किती फुटलेत. अकराव्या नंबरला ते थांबले आणि विचारलं, "हे कोण?" तिथे आजींचं नाव होतं. नाव छान ठेवलंत, असं लिहिलं होतं. सोळाव्यावर परत. आणि आगबोटीच्या फोटोमागे, जो मी धुऊन टाकला होता: ही बोट नदीतून खाली उतरते, बर्फ वितळला की मी हिच्यानेच निघणार, धाकटीला अजून पाहिलेलं नाही, तिला माझ्याबद्दल सांगत जा.

"या बाई आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मला ते स्वयंपाकघर दिसत होतं, टेबलावर उघडा अल्बम, केकचे तुकडे, आणि बाबांच्या मांडीवर ती पिशवी, तिच्या तोंडाशी गेलेला त्यांचा हात. आजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या.