ताटात धुतलेले हात

माउंट रॉस्किलला आमच्या मागच्या घरात राहणाऱ्या ताईंनी मला हे काम मिळवून दिलं, ते आधी लिहिते. त्या साताऱ्याच्या, इथे हॉस्पिटलात नर्स. मी नववीत शाळा सोडलेली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. ईस्ट टामाकीच्या गोडाउनमधलं पॅकिंगचं काम सुटलं होतं आणि इंग्रजीत मुलाखत म्हटलं की मी जायचंच टाळायचे.

ताईंच्या ओळखीच्या एक आंटी, इथल्या मूळच्या माओरी लोकांतल्या, लांब एका तळ्यावर राहतात. दोरांनी बांधलेली सहा तरंगती घरं, एकातून दुसऱ्यात जायला फळ्या, दारादारात गळाच्या काठ्या टेकवलेल्या. लोक मासे पकडायला येऊन राहतात. घरं आवरायला आंटींना बाई हवी होती, तिथेच राहणारी, आठवड्याचे चार दिवस. ताईंनी सुट्टी काढून मला गाडीतून नेलं.

"किआ ओरा," म्हणत आंटींनी मला जवळ घेतलं आणि काही न विचारता जेवायलाच बसवलं. सकाळी त्यांनीच पकडलेला ट्राउट. हा मासा इथे विकायला बंदी आहे. स्वतः पकडायचा, नाहीतर कुणी प्रेमाने द्यायचा. पायाखाली घर डुलत होतं. मी काटे चोखून खाल्ले, आणि घरच्यासारखं वाटलं म्हणून असेल, ग्लासातलं पाणी ओतून ताटातच हात धुतले.

आंटी बोलता बोलता थांबल्या. त्यांच्यात जेवणाच्या भांड्यात हात धुवत नाहीत, हे मला कुठून माहीत? काम गेलं, एवढं मात्र कळलं.

"सॉरी आंटी, चूक माझी," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे असंच धुतात. मी हिला सांगायला हवं होतं." मग मराठीत, हळूच, "रडू नकोस गं. आधी ते ताट उचल."

उचललं, पण ठेवू कुठे?

"हे आता बोक्याचं," आंटी म्हणाल्या. "कधीपासून मागतोय मेला." मग त्यांनी हात धुवायची जागा दाखवली, भांड्यांची वेगळी दाखवली, फडकीसुद्धा वेगवेगळी. शेवटी म्हणाल्या, "सोमवारी ये."

परतताना मी म्हटलं, "ताई, माझ्यामुळे तुमची मान खाली गेली."

"गप. मी पहिल्या आठवड्यात एका माओरी पेशंटच्या डोक्याची उशी त्याच्या पायाखाली सरकवली होती. यांच्यात डोकं पवित्र, ती उशी पायाला लावत नाहीत. माझ्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं."

पुढच्या वर्षी त्यांची आई येणार आहे, पहिल्यांदाच. ताईंना तेव्हा फारशी रजा नाही. मी ताईंना आणि आंटींनाही सांगून ठेवलंय, ताई ड्युटीवर असतील ते दिवस माझे. आईंना इथे एक दिवसही एकटं वाटू देणार नाही.