चाकं बांधून पाहिलेला ट्रक

१२ डिसेंबर १९६८, गुरुवार. कोटाच्या आतल्या खिशात चार हजार आठशे रुपये. जागा खामगावातल्या एका जिनिंगमागचं मैदान. हजर माणसं चार: मी, माझी बायको, ट्रक विकणारा आणि दहा रुपये रोज ठरवून मी आणलेला मिस्त्री.

ट्रक कशाला हवा होता ते आधी सांगतो. आमचा धंदा भांड्यांचा. पौष ते चैत्र यात्रा करायच्या, बाकीचे दिवस उंद्रीला दुकान. सोळा वर्षं आम्ही बैलांच्या बंडीतून माल नेला आणि त्याच बंडीखाली झोपलो. मागच्या माघात बायकोची छाती धरली ती दीड महिना सुटली नाही. बरी झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "यंदा म्या बंडीखाली निजत नाही. डोक्यावर छप्पर असन तं येईन, नाही तं तुमी एकटे जा."

भांडी घेणाऱ्या बायका. त्यांच्याशी भाव तीच करते, मी फक्त वजन करतो. ती नसती तर माझ्या यात्रेला अर्थ नव्हता.

म्हणून पावसाळ्यात खामगावच्या सुताराकडून चाकांवरची खोली बांधून घेतली. खाली लष्कराच्या लिलावातल्या ट्रेलरचा सांगाडा, वर फळ्या आणि टिनपत्रा. आत दोन बाजा, स्टोव्हला फळी, एक खिडकी. लोक तिला डबा म्हणत, बायको खोली म्हणे. याच जिनिंगच्या काट्यावर रिकामी भरली नऊ क्विंटल चाळीस किलो, मालासकट सतराच्या वर; तेव्हापासून ती मागच्या मैदानातच उभी होती. ती ओढून घाट चढवणं बैलांचं काम नव्हतं.

दिवाळीपासून मी पाच गाड्या पाहिल्या. एक जीप स्वस्त होती, पण तिच्यापेक्षा खोली जड. एका डिझेल ट्रकचे नऊ हजार सांगितले. तिथून नुसता चहा पिऊन आलो. एकाचे कागद भलत्याच गाडीचे निघाले. उरलेल्या दोन मिस्त्रीनं लांबूनच नको म्हटल्या. शेवटी शेवटी मी वहीत बसचं भाडं मांडणंही सोडलं होतं, आणि माझ्या बाबतीत हे काही बरं लक्षण नव्हे.

हा सहावा. लष्करातूनच निघालेला जुना पेट्रोल ट्रक, मागं ओढायला आकडा. विकणारा पूर्वी ड्रायव्हर होता. सत्तेचाळीसशेवरून त्रेचाळीसशे पन्नासवर आला. मी म्हटलं, घाट चढतो की नाही ते पाहिल्याशिवाय पैसे नाहीत.

"पाहा ना भाऊ, मी कुठं नाही म्हनतो? खोली बांधा अन् चला घाटात. पेट्रोल तेवढं तुमचं."

मी हिशेब केला. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, लिटरला चार, म्हणजे पंधरा लिटर. पंधरा-सोळा रुपये जाणार, आणि ट्रक नाही घेतला तर फुकटच जाणार. बैलबाजारात आम्ही असा खर्च करत नाही. जोडी पाहायची तर बंडीची चाकं दोरानं बांधतात, वर चार माणसं बसवतात आणि जुंपून ओढायला लावतात. खरा बैल गुडघे टेकतो पण ओढतो. मी आयुष्यात तीन जोड्या अशाच घेतल्या, एकदाही फसलो नाही.

"घाट राहू द्या," मी म्हटलं. "इथंच खोलीची चाकं बांधू."

मिस्त्री हातातली बिडी तशीच धरून म्हणाला, "भाऊ, ऐसा मत करो. बैल थकला की थांबते. इंजिनले थांबाचं समजत नाही."

मी ऐकलं नाही. कापसाच्या बंड्या रांगेत उभ्या होत्या. एका बंडीवाल्यानं हौसेनं दोर दिला आणि खोलीची दोन्ही चाकं स्वतः आवळून बांधली. मग रांगेतले सगळेच पाहायला आले.

विकणाऱ्यानं पहिला गिअर टाकला. ट्रक गुरगुरला, थरथरला, हलला नाही.

"पराणी टोचा त्याले!" रांगेतून कोणी ओरडलं.

"शेपूट मुरगाळा बे!"

"अजून जोर लावा," मी म्हटलं. हे शब्द माझेच होते, आणि ते मी कधी नाकारले नाहीत. खोली चाकं न फिरता हातभर फरफटली, मग खालून धूर निघाला आणि जळक्या रबरासारखा वास आला. इंजिन चालू होतं, ट्रक मात्र जागचा हलेना.

"गेला क्लच," मिस्त्री म्हणाला आणि आता कुठं त्यानं बिडी पेटवली.

बायकोनं खोलीत जाऊन स्टोव्ह पेटवला.

दोर देणाऱ्या बंडीवाल्यानंच दोन जोड्या जुंपून ट्रक मिस्त्रीच्या कारखान्यात ओढत नेला. ट्रक ओढताना बैल चांगले चालले. क्लच खोलायला तीन तास लागले. प्लेट आणि मजुरी मिळून तीनशे दहा.

"चाकं बांधा म्या म्हनलं होतं का?" विकणारा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. ट्रक सोडला तर तीनशे दहा फुकट. घेतला तर हाती एकशे चाळीस उरत होते, त्यात नावावर करणं, विमा, रोडटॅक्स. मी ट्रक सोडायच्या बेतात होतो. सातवी गाडी पाहायची ताकद मात्र अंगात नव्हती.

तेवढ्यात मिस्त्रीनं जुनी प्लेट आमच्यासमोर धरली. तिच्यावरचा थर झिजून आतल्या रिबिटा उघड्या पडल्या होत्या आणि घासून चकचकीत झाल्या होत्या. "हे आजचं नाही," तो विकणाऱ्याला म्हणाला. "दोन महिन्यांत अशीच जाणार होती."

विकणाऱ्यानं प्लेट हातात घेऊन रिबिटांवरून अंगठा फिरवला. "शंभर कमी द्या," तो म्हणाला.

मी बायकोकडं पाहिलं. ती किटली घेऊन आली होती.

"म्या तिथं खोलीत चहा केला," ती म्हणाली. "वारा लागत नाही आत. घेऊन टाका. पन घाट चढल्याबिगर शेवटचे शंभर देऊ नका."

शनिवारी घाट चढलो. ट्रक विकणारा चालवत होता, शेजारी मी. मला परवाना होता, पण घाटाची सवय नव्हती. गाडी घसरलीच तर चाकामागं टाकायला दगड लागेल, म्हणून बायको तो मांडीवर घेऊन मागं खोलीत दार उघडं ठेवून बसली. कितीदा सांगितलं तरी पुढं आली नाही. पूर्ण घाट पहिल्या गिअरमध्ये गेला. दगड लागला नाही. पेट्रोल मीच भरलं होतं, सोळा रुपयांचं.

माथ्यावर गाडी थांबवून हिशेब पुरा केला; पुढं उंद्रीपर्यंत मीच चालवणार होतो. विकणाऱ्याला आधी दिलेले चार हजार एकशे पन्नास, आता शंभर. त्याआधी मिस्त्रीला रोजासकट तीनशे वीस, बंडीवाल्याला पाच. विकणाऱ्यानं शंभराची नोट उन्हात धरून पाहिली आणि खामगावला परत जायला बसभाडं मागितलं. ते बोलीत नव्हतं, मी तसं म्हणालोही. बायको दगड खाली ठेवून उतरली आणि कनवटीचा सव्वा रुपया तिनं त्याच्या हातावर ठेवला.